फ्रोझन थ्रोन, मु. पो. येरमाळा

सोलापूर-धुळे रस्त्यानं येरमाळा आलं, की एसटीतली निम्मी माणसं बसल्या जागेवरून डोंगराकडं बघून हात जोडतात. वर येडेश्वरी आहे. आम्ही तिला येडाई म्हणतो; तुळजाभवानीची ती बहीण. चैत्री पौर्णिमेला यात्रा भरते, दुसऱ्या दिवशी पालखी खाली उतरते, चुन्याच्या रानात लाखोंनी माणसं वाकून चुनखडीचे खडे वेचतात आणि पालखी आमराईत मुक्कामाला जाते. उभ्या महाराष्ट्राला येरमाळा ठाऊक आहे ते एवढ्यासाठी, आणि ते रास्तच आहे. दिवाळी अंकासाठी गावावर लिहायचं म्हटल्यावर यात्रेवरच लिहायला हवं, हेही मला कळतं. पण माझ्या वयाच्या आमच्या आळीतल्या पाच-सहा जणांना गावच्या आठवणी विचारून बघा. यात्रेतल्या पाळण्यांच्या बरोबरीनं ते नॉर्थरेंडचं नाव घेतील.

नॉर्थरेंड भूगोलाच्या पुस्तकात नाही. 'वॉरक्राफ्ट थ्री: द फ्रोझन थ्रोन' नावाच्या कॉम्प्युटर गेममध्ये ते बर्फाचं खंड आहे, आणि २००४ ते २००६ या काळात शाळा सुटल्यावर आमचा मुक्काम बहुतेक तिथंच असायचा.

हे घडलं दादामुळं. दादा म्हणजे माझा थोरला चुलतभाऊ. बार्शीला कॉलेज करता करता त्यानं एमएस-सीआयटी केलं. एमकेसीएलनं हा कोर्स २००२ साली काढला आणि बघता बघता तालुक्याच्या गावांत क्लासच्या पाट्या झळकल्या. सरकारी नोकरीला सर्टिफिकेट लागणार म्हटल्यावर कोण मागं राहतंय? दादानं सर्टिफिकेट मिळवलं, पण नोकरीच्या मागं काही लागला नाही. सोयाबीनचे पैसे आले तेव्हा आबांना गळ घालून त्यानं एक असेंबल केलेला पीसी आणला. १२८ एमबी रॅम, पंधरा इंची फुगीर मॉनिटर, आणि आमच्या रस्त्याकडच्या खोलीवर पाटी: 'झेरॉक्स, डीटीपी, लग्नपत्रिका'. पत्रिका श्रीलिपीत टाईप करायची, पेजमेकरमध्ये बसवायची आणि छापायला बार्शीला धाडायची. लग्नसराईत त्या खोलीत आम्हाला पाय ठेवायची सोय नसे. एकदा का जून उजाडला आणि पत्रिका आटपल्या, की मग तो कॉम्प्युटर आमचा.

गेमची सीडी दादाच्या पुण्यातल्या मित्रानं कॉपी करून दिली होती. वर काळ्या मार्करनं 'वॉर थ्री + एफटी' एवढंच लिहिलेलं. गेमचा खरा डबा कसा दिसतो, हे आम्हाला तेव्हा चित्रातसुद्धा माहीत नव्हतं. आणि ही सीडी होती 'रिप'. तेव्हाच्या पोरांना हा शब्द सांगायला लागणार नाही. मूळ गेम एका सीडीत मावावा म्हणून त्यातले व्हिडिओ, कधीकधी गाणीबिणीसुद्धा, छाटून टाकलेली प्रत म्हणजे रिप. खेळायला पुरेशी, बघायला अपुरी. त्या छाटणीनं पुढं आमच्यावर काय वेळ आणली ते येईलच.

आता ज्यांनी हा प्रकार कधी पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. ब्लिझर्ड या अमेरिकन कंपनीनं जुलै २००२ मध्ये 'वॉरक्राफ्ट थ्री: रेन ऑफ केऑस' काढला. वर्षभरानं, जुलै २००३ मध्ये, त्याला 'द फ्रोझन थ्रोन' ही पुरवणी जोडली. गेममध्ये सोन्याची खाण असते, झाडं असतात. मजूर सोनं आणतात, लाकूड तोडतात, त्यातून बराकी बांधायच्या, फौज उभी करायची आणि शत्रूवर जायचं. तुमची पाळी, माझी पाळी असं काही नाही. तुम्ही विचार करत बसलात तर समोरचा तेवढ्यात येऊन घर पाडून जातो. पुण्या-मुंबईची पोरं हे एकमेकांविरुद्ध खेळायची. आमच्याकडं कॉम्प्युटर एकच. त्यामुळं आमच्या वाट्याला आलं कॅम्पेन, म्हणजे गेमनं रचलेली गोष्ट, एकेका मिशननं पुढं सरकणारी, एकट्यानं खेळायची.

एकट्यानं! माऊस एकाच्या हातात आणि मागं सहा डोकी. आराधी मंडळी गाताना मागचे झील धरतात ना, तसे आम्ही दादाच्या पाठीमागं उभे. प्रत्येकाला काम नेमून दिलेलं. एकानं कोपऱ्यातला छोटा नकाशा बघायचा आणि लाल ठिपका दिसला की ओरडायचं. एकानं हिरोचं रक्त बघायचं. किराणा दुकानवाल्याच्या पोराकडं सोनं. या गेममध्ये एक नियम आहे: फौज ५० च्या आत असेल तर खाणीतून निघालेलं सगळं सोनं तुमचं, ५१ झालं की दहातलं सातच हाती पडतं, आणि ८० च्या वर गेलात तर चार. आम्हा बाकीच्यांना हे कळायला महिने लागले असते. त्याला पहिल्याच आठवड्यात कळलं, कारण त्याच्या घरी गल्ल्यावर बसून तो हेच शिकत होता. दादा भरात येऊन सैनिक काढायला लागला, की मागून आवाज यायचा, "एक्कावन्न झाले दादा, एक्कावन्न! थांब की!" पुढं तो सीए झाला, याचं आम्हाला कोणालाच आश्चर्य वाटलं नाही.

गोष्ट इंग्रजीत. खाली अक्षरं पळायची, दादा ती वाचून आमच्या भाषेत सांगायचा, आणि सांगता सांगता त्याच्या पदरचं घालायचा. "ही मायेव्ह. ही जेलर हाय. हिनं त्या इलिडनला धा हजार वर्षं कोंडून ठिवलं हुतं. आता त्यो सुटलाय आणि ही त्याच्या मागावर हाय." दहा हजार वर्षं हे गेममधलंच. "म्हणून हिला झोप न्हाई" हे दादाचं.

ही पुरवणी मला आजही मूळ गेमपेक्षा सरस वाटते, ती तिच्या रचनेमुळं. तीन कॅम्पेन एकापाठोपाठ एक. पहिल्यात तुम्ही मायेव्ह होऊन इलिडनचा पाठलाग करता: समुद्रातून उठलेल्या नागांच्या फौजा, बुडालेली बेटं, थडग्यात शिरलेलं पाणी. तो नीच आहे, घातकी आहे, हे तुमच्या डोक्यात पक्कं भरवलं जातं. दुसऱ्यात तुम्ही केल्थास, ब्लड एल्फ लोकांचा राजपुत्र. माणसांचा एक सेनापती गॅरिथॉस त्याला पदोपदी हिणवतो, अशक्य कामं सांगतो आणि शेवटी नागांची मदत घेतली म्हणून तुरुंगात टाकतो. मग हा राजपुत्र आपली उरलीसुरली माणसं घेऊन आश्रयाला जातो कोणाकडं? त्याच इलिडनकडं. कालपर्यंत ज्याच्या मागं धावलो, आज त्याच्यासाठी आपण लढतोय. आणि तिसऱ्यात तुम्ही आर्थस, मूळ गेममध्ये बापाला मारून गादी बळकावलेला राजपुत्र. आता इलिडन पुन्हा तुमचा शत्रू. म्हणजे कोण चांगला आणि कोण वाईट, हे माऊस कोणाच्या बाजूनं धरलाय त्यावर. चौदा वर्षांच्या पोरांना हे कुठं शिकवायचं म्हटलं तर शिकवता येणार नाही, आणि इथं ते कोणी शिकवतही नव्हतं. आम्ही आपले सोनं मोजत होतो.

दिवाळीच्या सुट्टीत लातूरहून आत्याची मुलगी यायची. ती आमच्याहून दोन वर्षांनी मोठी, म्हणून ताई. पोरांच्या खोलीत पोरगी कशाला, असं पहिल्या दिवशी कोणी तरी पुटपुटलं. दुसऱ्या दिवशी माऊस तिच्या हातात होता. मायेव्हच्या कॅम्पेनमध्ये एक प्रसंग आहे. टिरांडी नावाची पुजारीण पुलावर शत्रूला थोपवून धरते, पूल मोडतो आणि ती नदीत वाहून जाते. मायेव्ह येऊन तिच्या जोडीदाराला, मॅल्फ्युरिअनला, सांगते की तुझ्या टिरांडीचे शत्रूंनी डोळ्यांदेखत तुकडे केले. धडधडीत खोटं. कारण एवढंच, की तो तिला शोधायला गेला तर इलिडनचा पाठलाग अर्धवट राहील. आम्ही सगळे मायेव्हवर भडकलो. ताई म्हणाली, "तिनं धा हजार वर्षं एकच काम केलंय रे. तिला दुसरं काही सुचणारच नाही." त्यावर दुपारभर वाद झाला. गेम तसाच उघडा, मजूर मोकळे उभे, आणि आम्ही भांडतोय की खोटं बोलावं का बोलू नये. शेवटी झेरॉक्सला गिऱ्हाईक आलं तेव्हा कुठं थांबलो.

मोकळ्या उभ्या मजुरांवरून आठवलं. कोणत्याही सैनिकावर पुन्हापुन्हा क्लिक केलं की तो आधी नीट उत्तर देतो, मग वैतागतो, आणि मग काहीबाही बरळायला लागतो. लहानगा चुलतभाऊ फक्त तेवढ्यासाठी येऊन बसायचा. युद्ध जिंकलं काय आणि हरलं काय, त्याला त्या माणसाला चिडवायचं असायचं.

तिसरं कॅम्पेन सुरू झालं आणि आजी आमच्या विरोधात गेली. पहिल्याच मिशनमध्ये आर्थस आपल्या राजधानीत परत येतो, मीच राजा म्हणतो, आणि शहर सोडून पळणाऱ्या माणसांना रस्त्यांवर अडवून मारायचं काम आपल्याला देतो. आजी दारात गहू निवडत बसली होती. पडद्यावर गाठोडी घेतल्यासारखी छोटी छोटी माणसं पळत होती आणि आमचे सांगाडे त्यांना गाठत होते. तिनं सूप खाली ठेवलं.

"काय करायलाव रं? ती माणसं तर नुस्ती पळायलीत."

दादा म्हणाला, "आजी, आपण आता राक्षसाकडून खेळायलाव."

"मग माणसांकडून खेळा की. कोण नको म्हणायलंय तुम्हाला?"

याला आमच्यापैकी कोणाकडं उत्तर नव्हतं. गेमकडंही नाही, तिथं पुढं जायचं तर राक्षसाकडूनच जावं लागतं. आजी त्यानंतर मॉनिटरकडं पाठ करून बसायला लागली. मात्र बाईमाणूस असलेलं मिशन आलं की तिला बोलवायचं, असा ताईनं नियम केला. सिल्व्हॅनस आजीला आवडली. मारून हडळ केलेली सेनापतीण, जिनं आपल्याला मारणाऱ्याच्या ताब्यातून स्वतःला सोडवलं. तिच्या हडळी ओग्रे, लुटारू यांच्या म्होरक्यांच्या अंगात शिरून त्यांच्या टोळ्या आपल्याकडं ओढतात. अंगात येणं आजीला समजावून सांगायला लागलं नाही. आणि त्या गॅरिथॉसला, केल्थासला छळणाऱ्या त्याच सेनापतीला, सिल्व्हॅनस आधी कामापुरतं वापरते आणि काम झाल्यावर मारून टाकते, तेव्हा आजीनं "बरं झालं" म्हणून पुन्हा सूप हातात घेतलं.

आर्थसच्या कॅम्पेनमधली खरी गंमत पुढं आहे, आणि तिचं कौतुक मला मोठेपणी जास्त वाटायला लागलं. कुठल्याही गेममध्ये हिरो सुरुवातीला दुबळा असतो आणि लढत लढत तगडा होतो. इथं आर्थस सुरुवातीलाच दहाव्या लेव्हलचा, म्हणजे शिखरावर. आणि मग मिशनगणिक तो खाली येतो. बर्फातल्या सिंहासनात अडकलेला त्याचा धनी, लिच किंग, खंगत चाललाय. त्याच्या जोरावर उभा असलेला हा राजाही खंगतो. एकेक ताकद गळते. कालचा मंत्र आज चालत नाही. आम्हाला वाटलं, सीडीच खराब आहे. दादानं दोनदा नव्यानं इन्स्टॉल केलं. मग खालची अक्षरं नीट वाचली तेव्हा कळलं, की हे मुद्दाम आहे. बाकीच्या गेमांनी आम्हाला वाढायची सवय लावली होती. घटत जाणारा हिरो सांभाळायचा कसा, याची तालीम कोणाला नव्हती. फौज जास्त घ्यायची, त्याला मागं ठेवायचं, औषधाच्या बाटल्या जपून वापरायच्या. बर्फाखालच्या कोळ्यांच्या नगरीत एके ठिकाणी छत कोसळतं, तो एकटा पडतो आणि त्याला जिवंत बाहेर काढायचं असतं. तेव्हा माऊस धरायला कोणी तयार होईना. मरण आपल्या हातून नको, असं प्रत्येकाला वाटायचं.

हरलं की गेम एक पर्याय पुढं करायचा: 'रिड्यूस डिफिकल्टी'. सोपं करून देऊ का? आमच्यात ते बटण दाबणं म्हणजे वेशीवर धोतर सोडणं. एकट्यात कोणी दाबलं असेल तर देव जाणे. सगळ्यांच्या देखत कधी नाही.

आमचा खरा शत्रू मात्र इलिडन नव्हता. लाईट होती. त्या वर्षांत खेड्यापाड्यांत भारनियमन कसं असायचं, ते ज्यांनी काढलंय त्यांना सांगायला नको. आज सकाळची पाळी, उद्या संध्याकाळची, आणि वेळापत्रकाबाहेरची वेगळीच. दादाकडं एक छोटा यूपीएस होता. लाईट गेली की तो टीं... टीं... करायला लागायचा, आणि दहा मिनिटं दम काढायचा, तोही त्याच्या मनात असेल तर. पहिल्या टींला सगळी खोली एकसुरात: "सेव्ह कर!" म्हणून आमच्या सेव्ह केलेल्या फायलींची नावं बघण्यासारखी होती. 'येडाई १', 'येडाई २', 'लाईट गेली', 'लाईट गेली पुन्हा', 'ताईनं जिंकलं', आणि एकीचं नाव नुसतंच 'सस'. सेव्ह लिहिता लिहिता वीज संपली ती.

शेवटचं मिशन सगळ्यांत चिवट. लिच किंगचं सिंहासन जिथं आहे त्या आइसक्राउनच्या भोवती चार शिळाखांब. चारही एका वेळी आपल्या ताब्यात आले, की सिंहासनाचा दरवाजा उघडतो. इलिडनलाही तेच हवं असतं. आपण एक घेतला की तो दुसरा घेतो; तिकडं धावलो की मागचा जातो. फौज किती ठेवायची यावर किराणावाला आणि दादा यांच्यात या एका मिशनमध्ये बोलणं बंद झालं होतं. त्याचं म्हणणं, ५० च्या आत राहू, सोनं साठवू. दादाचं म्हणणं, घाल चुलीत ते सोनं, ८० करू आणि एकदाचं जाऊ. दिवाळीच्या सुट्टीत, रात्री दहाला लाईट आल्यावर बसलो. आबा बाहेर ओट्यावर झोपलेले, म्हणून आवाज बारीक. नकाशावर ताई, रक्तावर मी. दादानं आपलंच खरं केलं, ८० च्या वर गेला. तीन खांब हाती आले, चौथ्यावर ताईनं दोन हिरो आडवे घालायला लावले, आणि एका क्षणाला चारही आमचे झाले. आम्ही ओरडलो. आबा उठले. "कोण मेलं रं?" असं त्यांनी विचारलं आणि आम्ही सगळे हसत सुटलो.

मग आर्थस आणि इलिडन समोरासमोर. दोघांची झुंज, बर्फात कोसळलेला इलिडन. आर्थस सिंहासनाकडं वळला. वर चढायला लागणार, एवढ्यात पडदा काळा झाला आणि ज्यांनी गेम बनवला त्यांची नावं सुरू झाली.

व्हिडिओ रिपमध्ये छाटलेला.

एवढं लढून आम्हाला कळलंच नाही, की वर जाऊन त्यानं काय केलं. सिंहासनावर बसला? का फोडलं? आत कोण होतं? काही मिनिटं कोणी बोललं नाही. मग दादानं खुर्ची वळवली आणि गोष्ट पुरी केली. त्याच्या म्हणण्याप्रमाणं, आर्थस वर जातो, तलवार काढतो, बर्फ फोडतो, आणि आत अडकलेल्याला मोकळा करतो. मोकळा झालेला म्हणतो, जा, आता तूही सुटलास. तलवार तिथंच टाकून आर्थस आपल्या गावाकडं चालायला लागतो. "आणि ती पळणारी माणसं?" लहान्यानं विचारलं. "त्यांच्या पाया पडायला तर निघालाय की," दादा म्हणाला. आजी जागी होती, हे आम्हाला दुसऱ्या दिवशी समजलं. तिनं चहा देताना दादाच्या पाठीवर हात फिरवला.

मी पुण्याला शिकायला गेलो २००८ साली, आणि तिथं यूट्यूबवर तो व्हिडिओ पहिल्यांदा पाहिला. आर्थस पायऱ्या चढतो, तलवारीनं बर्फ फोडतो. इथवर दादाचं बरोबर. मग बाहेर पडलेलं शिरस्त्राण उचलून तो स्वतःच्या डोक्यावर घालतो आणि सिंहासनावर बसतो. दोघांचा मिळून एकच होतो. चित्र भव्य आहे, संगीत अंगावर येतं. माझ्या मनात मात्र आधी हेच आलं, की आजीला हे आवडलं नसतं. त्याच वर्षी नोव्हेंबरात याच आर्थसच्या शेवटावर ब्लिझर्डनं 'राथ ऑफ द लिच किंग' काढला, पण तो 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'मधला, दरमहा पैसे भरून ऑनलाइन खेळायचा. आमच्या हॉस्टेलच्या मेसचं बिल आधीच तुंबलेलं.

हॉस्टेलवर वॉरक्राफ्ट होताच, पण सगळे खेळायचे डोटा. फ्रोझन थ्रोनबरोबर नकाशे तयार करायचा एडिटर यायचा. त्यावर हौशी लोकांनी रचलेला हा पाच विरुद्ध पाच असा खेळ. लॅनवर रात्र रात्र चालायचा. त्यात आमच्या मायेव्हचाच देह, पण नाव मॉर्ट्रेड, आणि तिला कोणाचा पाठलाग नाही, कोणावर राग नाही. नुसती सुरी फेकते आणि मारते. रूममेटला मी एकदा सांगायला गेलो, की ही मुळात जेलर होती. तो म्हणाला, "असेल. तू ब्लिंक कधी घेणार ते सांग."

आता राहिला रेक्सार. फ्रोझन थ्रोनमध्ये तीन कॅम्पेनच्या पलीकडं चौथं एक आहे, 'द फाउंडिंग ऑफ ड्यूरोटार'. त्यात खाण नाही, बराक नाही. रेक्सार नावाचा अर्धा ओग्रे, अर्धा ऑर्क, त्याची मिशा नावाची अस्वलीण, आणि पायाखाली तुडवायला मोठा मुलूख. एका मरणाऱ्या ऑर्कचा निरोप पोचवायला तो त्यांच्या नव्या राज्यात येतो आणि तिथली पडेल ती कामं करत राहतो. कोणासाठी वनस्पती तोडून आण, कोणाच्या खाणीतले उपद्रवी प्राणी हाकल, कोणाचा हरवलेला माणूस शोध. वाटेत दारू गाळणारा एक पांडा भेटतो. तो पांडा मुळात कंपनीनं एप्रिल फूलला केलेली चेष्टा होती. लोकांना इतका आवडला, की खरोखर गेममध्ये आला.

ड्यूरोटारची भूमी म्हणजे तांबडी माती, खडक, काटेरी झुडपं, पाण्याची ओढ. हाकलून दिलेल्या लोकांनी कोणाला नको असलेल्या जागी वसवलेलं गाव. पहिल्यांदा पडद्यावर आलं तेव्हा किराणावाला म्हणाला, "ह्यो तर आपला बालाघाटाचा माळ हाय." नॉर्थरेंडमध्ये आम्ही पाहुणे होतो, इथं घरचे. रेक्सारला घेऊन आम्ही नुसते हिंडायचो. मिशन संपवायची घाई नाही, सोनं मोजायला नको. डोंगरामागं काय आहे ते बघायचं.

आणि पहिला अंक संपतो तिथं गोष्ट तुटते. समुद्रावरून माणसांची जहाजं आलेली, त्यांचा म्हातारा अॅडमिरल डेलिन प्राउडमूर ऑर्क लोकांचा नायनाट करायला निघालेला, आणि त्याची लेक जैना ऑर्कांशी केलेला तह मोडायला तयार नाही. पुढं? पुढचे दोन अंक सीडीवर नव्हतेच, रिपवरही नाहीत आणि मूळ डब्यातही नाहीत. ते ब्लिझर्डनं डिसेंबर २००३ मध्ये इंटरनेटवरून पॅचबरोबर दिले. आमच्याकडं इंटरनेट म्हणजे बार्शीच्या कॅफेत तासावर पैसे मोजून निकाल बघायचा. दादा एकदा खिशात फ्लॉपी घालून गेला. फ्लॉपीत मावतं १.४४ एमबी. कॅफेवाल्यानं पॅचचा आकार बघितला, फ्लॉपी बघितली, आणि दादाकडून अर्ध्या तासाचेच पैसे घेतले.

मग काय, याचाही शेवट दादानंच केला. त्याच्या गोष्टीत जैना बापाला घेऊन माळावर हिंडते, ऑर्कांची पोरं, त्यांच्या चुली, त्यांची आटलेली विहीर दाखवते (विहीर दादाची), आणि म्हातारा जहाजं वळवून घरी जातो. रेक्सारला तिथं जमीन मिळते. मिशाला पिल्लं होतात.

हॉस्टेलवर मी ते दोन्ही अंक एकट्यानं खेळलो. खऱ्या गोष्टीत म्हातारा ऐकत नाही. रेक्सार साऱ्या जमातींची फौज जमवतो, माणसांच्या थेरामोर शहरावर चालून जातो, अॅडमिरल मारला जातो, आणि जैना बाजूला उभी राहून ते होऊ देते. रेक्सारला मान मिळतो, पण तो तिथं थांबत नाही. अस्वलीण घेऊन पुन्हा रानात निघून जातो. मी लगेच दादाला फोन लावला. त्यानं सगळं ऐकून घेतलं.

"लेकीसमोर बापाला मारलं?"

"हो."

"आन् ती गप बसली?"

"दादा, तो ऐकतच नव्हता ना."

"न्हाई, ह्ये जमलं न्हाई त्यांना," दादा म्हणाला. "ती कुठल्या तोंडानं पुन्हा घरी जाणार?" आणि ते पुरतं पटायला मला बरेच दिवस लागले, पण मुद्दा बिनतोड होता. पुढं ब्लिझर्डनं वर्षानुवर्षं जैनाच्या गोष्टी काढल्या, आणि त्यांत हाच सवाल तिचा पिच्छा करत राहिला.

जानेवारी २०२० मध्ये 'रिफोर्ज्ड' नावानं हा गेम नव्या चित्रांत आला. जाहीर केलेलं बरंच काही त्यात नव्हतं, जगभरचे खेळाडू चिडले, कंपनीला पैसे परत करावे लागले. मी घेतला तो केवळ सेव्हची जुनी नावं पुन्हा द्यायला मिळावीत म्हणून. चित्रं चांगली आहेत. मायेव्हच्या चिलखतावरचं नक्षीकाम दिसतं. पण खाली पळणारी अक्षरं मी अजून दादाच्या आवाजात वाचतो, त्यामुळं इंग्रजीत ती जरा बिनमिठाची लागतात.

दादाच्या खोलीवर आता ऑनलाइन फॉर्म, दाखले, पीकविमा अशी पाटी आहे. जिल्ह्याचं धाराशिव हे नवं नाव तिच्यावर रंगवून झालंय. मागच्या दिवाळीत गेलो तर त्याची धाकटी मुलगी माझ्या लॅपटॉपवर रेक्सारला हिंडवत बसली, आणि अंक संपल्यावर पुढचा सुरू करायला लागली. दादानं तिला थांबवलं. "त्यो नको," म्हणाला, "त्यो चुकीचा हाय. मी सांगतो काय झालं ते." मी म्हटलं, अरे, तिला एकदा बघू तर दे. त्यावर आमची जुंपली ती जेवणाच्या पानावरही चालू राहिली. ताईला लातूरला फोन लावून निवाडा मागितला, तर ती म्हणाली, आधी मला सांगा, त्या जैनाच्या बाजूनं तुमच्यापैकी खेळलंय कोण?